हिवाळी सायकल: थंडी, रस्ता आणि सकाळचे सात

फिनलंडमधल्या औलू शहरात मेत्सोकांगास नावाची शाळा आहे. मुले साधारण बाराशे. हिवाळ्यातल्या एका सकाळी पारा उणे 17 अंशांवर होता आणि त्या दिवशीही हजाराच्या आसपास मुले सायकलने शाळेत आली. आवारात हिमात उभ्या केलेल्या सायकलींच्या रांगांचे छायाचित्र शहराचे सायकल-समन्वयक पेक्का ताहकोला यांनी प्रसिद्ध केले आणि ते जगभर फिरले. औलूच्या लोकांना मात्र त्यात नवल वाटण्यासारखे काही दिसले नाही. शाळेत जायचे तर सायकलने, एवढेच त्यांना ठाऊक.

दुसरे टोक कॅनडातल्या टोरंटोचे. तिथे गेली काही वर्षे सायकलमार्गांवर वाद पेटला की एक प्रश्न हटकून येतो: वर्षातले चार-पाच महिने जिथे हिम पडते, तिथे रस्त्याची एक पट्टी सायकलसाठी का अडवायची? खरे तर टोरंटोचा हिवाळा औलूपेक्षा पुष्कळच सौम्य आहे. मग एका गावात जे अंगवळणी पडले आहे, ते दुसऱ्या गावात अचाट का वाटते? हिवाळी सायकलीची सारी चर्चा या फरकाभोवती फिरते. गेल्या पन्नास वर्षांत ती कुठवर आली, याचा हा आढावा.

आधी शब्दांचे पाहू. मराठीत आभाळातून पडतो तोही बर्फ आणि गोळेवाला किसतो तोही बर्फच. या लेखात भुसभुशीत पडणाऱ्याला हिम म्हटले आहे आणि गोठून टणक झालेल्याला बर्फ. हा फरक शब्दांपुरता नाही. सायकलस्वाराचे हाड मोडणार की शाबूत राहणार, हे पुष्कळदा त्यावरच ठरते.

मागे वळून पाहता

हिमात सायकल चालवणे ही आजची हौस नाही. 1900 च्या हिवाळ्यात सोन्याच्या शोधात निघालेला एड जेसन कॅनडातल्या डॉसनहून अलास्कातल्या नोमपर्यंत सायकलने गेला. दीड हजार किलोमीटरहून लांब अशी ही वाट बरीचशी गोठलेल्या युकॉन नदीवरून जात होती. कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी हिम दाबून जो माग केला होता, त्यावर त्याची चाके चालली. पुढच्या सगळ्या चर्चेचे बीज या प्रवासात आहे. मोकळ्या हिमात सायकल रुतते. दाबून घट्ट केलेल्या कोरड्या हिमावर ती चालते.

रोज कामावर जाण्याच्या अंगाने या प्रश्नाचा विचार सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. औलूने सायकलमार्गांच्या जाळ्याचा पहिला आराखडा 1972 मध्ये केला. पुढच्याच वर्षी तेलसंकट आले आणि युरोपातल्या अनेक शहरांना मोटारीला पर्याय शोधावा लागला. या विषयाला स्वतःचे व्यासपीठ मिळायला मात्र 2013 उजाडले. त्या वर्षी औलूतच पहिली हिवाळी सायकल परिषद भरली. नंतर ती विनिपेग, लेवार्डेन, मिनिआपोलिस, माँट्रियल, मॉस्को, कॅलगरी अशी फिरत राहिली. अभियंते, नगररचनाकार, डॉक्टर आणि रोजचे सायकलस्वार तिथे एकत्र बसू लागले. कॅलगरीचे पत्रकार टॉम बॅबिन यांचे ‘फ्रॉस्टबाईक’ हे पुस्तक 2014 मध्ये आले आणि अभियंत्यांच्या वर्तुळातला विषय सामान्य वाचकापर्यंत पोचला.

चाकाखाली काय घडते

थंडीचे भय सगळ्यांना वाटते, पण जाणकारांच्या यादीत थंडी बरीच खाली येते. उणे 10 अंशांत ताशी 20 किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे 18 सारखी भासते, आणि सायकलचा वेग हाच एक वारा असतो. तरीही स्वार स्वतः ऊब निर्माण करतो. अनुभवी लोक सांगतात की निघताना पहिली पाच मिनिटे किंचित गारठा जाणवला पाहिजे. तो जाणवला नाही तर वाटेत घाम फुटतो, आणि ओले कपडेच अंगाला जास्त गार करतात. बोटे, कान आणि नाक जपायचे, कपडे एकावर एक पातळ थरांत घालायचे. याबाबत फारसा मतभेद नाही. दम्याचा त्रास असणाऱ्यांना थंड, कोरड्या हवेत जोराने श्वास घेताना अडचण येऊ शकते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

खरा पेच चाकाखाली असतो. शून्याच्या खाली बरेच अंश असताना दाबलेले हिम खरखरीत असते आणि टायर त्यावर बऱ्यापैकी पकड घेतो. पारा शून्याजवळ आला की चित्र पालटते. दुपारी वितळलेले पाणी रात्री गोठते, दिवसा चिखलात पडलेल्या चाकोऱ्या सकाळी दगडासारख्या कडक होतात, बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा येतो. घर्षण सर्वांत कमी असते ते अशा ओल्या बर्फावर. म्हणून उणे 15 ची सकाळ पुष्कळदा शून्य अंशाच्या सकाळपेक्षा सुरक्षित असते. हिम न पाहिलेल्या माणसाला हे उलटे वाटेल, पण हिवाळी सायकलीबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर मी हीच सांगेन.

मोटार घसरली तरी चार चाकांवर उभी राहते. सायकलचे पुढचे चाक सरकले की सावरायला क्षणही मिळत नाही. टंगस्टन कार्बाइडचे बारीक खिळे बसवलेले टायर निघाले ते यावर उपाय म्हणून. फिनलंडची नोकियान आणि जर्मनीची श्वाल्बे या कंपन्यांनी असे टायर रोजच्या वापरात आणले. एका टायरमध्ये बहुधा शंभरापासून अडीचशेपर्यंत खिळे असतात, काहींत त्याहूनही जास्त. कोरड्या डांबरावर ते आवाज करतात आणि जड चालतात. बर्फावर त्यांना तोड नाही. जाड टायरच्या ‘फॅटबाईक’ 2005 नंतर कारखान्यात मोठ्या संख्येने तयार होऊ लागल्या. त्या मोकळ्या हिमासाठी उत्तम, पण नितळ बर्फावर बिनखिळ्यांचा जाड टायरही घसरतोच. दुकानात ही बाब नेहमी सांगितली जातेच असे नाही.

औलूची रीत

औलू 65 अंश अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस जेमतेम साडेतीन तासांचा असतो. तरी उन्हाळ्यातल्या सायकलस्वारांपैकी मोठा भाग हिवाळ्यातही सायकल सोडत नाही. हिवाळ्यातल्या एकूण फेऱ्यांत सायकलचा वाटा 12 टक्क्यांच्या घरात असल्याचे शहर सांगते. बर्फाळ नसलेल्या कित्येक शहरांना उन्हाळ्यातही एवढा वाटा साधत नाही.

त्यांनी केले ते असे. सायकलमार्ग मोटाररस्त्यापासून वेगळे ठेवले. मोठ्या रस्त्यांखालून सुमारे 300 भुयारी वाटा काढल्या, त्यामुळे सायकलस्वाराला चौकाचौकांत थांबावे लागत नाही. मुख्य सायकलमार्गांवर दोन-तीन सेंटीमीटर हिम साचले की ते काढायला गाडी निघते आणि सकाळी सातपर्यंत, म्हणजे शाळा-कचेऱ्यांच्या आधी, काम उरकते. हिम पुरते खरवडून डांबर उघडे करण्याचा अट्टहास तिथे नसतो. दाबलेल्या हिमाचा एक थर मुद्दाम राखतात. फिन्निश भाषेत त्याला ‘पोलान्ने’ म्हणतात. त्यावर दातेरी पात्याने खाचा पाडतात आणि बारीक खडी पसरतात. मीठ टाकत नाहीत. त्या कडाक्यात मिठाचा फारसा उपयोगही नसतो.

औलूचे कौतुक करणारे बहुधा सायकलमार्गांच्या लांबीवर बोलतात. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती सकाळच्या सातची वेळ. हिवाळ्यात सायकल चालवणाऱ्याला उत्तम रस्त्यापेक्षा खात्रीचा रस्ता हवा असतो. आठवड्यातले चार दिवस वाट साफ आणि पाचव्या दिवशी गुडघाभर हिम असेल, तर तो पाचवा दिवस टाळण्यासाठी माणूस पाचही दिवस मोटार काढतो.

आक्षेपही ऐकले पाहिजेत. औलूत जागा मुबलक आहे आणि वस्ती विरळ. तिथल्या वाटा शहर वाढत असतानाच आखल्या गेल्या. माँट्रियलसारख्या जुन्या, दाट शहरात वर्षाला दोन मीटरहून अधिक हिम पडते आणि ते बाजूला लोटायला जागाच नसते. ट्रकमध्ये भरून दूर न्यावे लागते. रस्त्यावर नुसती पांढरी रेघ ओढून आखलेला सायकलमार्ग तर हिवाळ्यात नाहीसाच होतो, कारण मोटारींसाठी लोटलेल्या हिमाचा बांध नेमका त्या पट्टीवर येतो. औलूची पद्धत उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही, हे म्हणणे रास्त आहे. तरी माँट्रियलने आपली वाट शोधली. सेंट-डेनिस रस्त्यावर 2020 मध्ये बाराही महिने चालणारा रुंद सायकलमार्ग सुरू झाला. ‘बिक्सी’ ही भाड्याच्या सायकलींची सेवा 2009 पासून हिवाळ्यात बंद होत असे. 2023-24 च्या हिवाळ्यात तिने खिळ्यांचे टायर लावून शहराच्या काही भागांत सायकली रस्त्यावर ठेवण्याचा प्रयोग केला.

मीठ की खडी

बाहेरून हा वाद किरकोळ वाटेल, पण अभियंते सर्वाधिक वेळ यावरच घालवतात. खडी पसरली की पकड मिळते. मात्र नवे हिम पडले की ती खाली गाडली जाते, आणि वसंतात हिम वितळल्यावर उघड्या डांबरावर मोकळी पसरते. तेव्हा वळणावर सायकल घसरते ती त्या खडीवरून. शिवाय तिच्या टोकदार कडांनी ट्यूब पंक्चर होतात.

स्वीडनमधल्या लिंकोपिंग शहरात या शतकाच्या आरंभी वेगळी पद्धत वापरात आली. गाडीच्या पुढे फिरता ब्रश हिम झाडून काढतो आणि मागून मिठाचे पाणी फवारले जाते. वाट काळी, उघडी राहते. स्वीडनच्या राष्ट्रीय रस्ते व वाहतूक संशोधन संस्थेत ॲना निस्का यांनी या पद्धतीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला, आणि स्टॉकहोमसह अनेक शहरांनी ती स्वीकारली. तिच्या अडचणीही उघड आहेत. उणे दहाच्या आसपास साध्या मिठाचा जोर ओसरतो, खर्च वाढतो, चेन आणि केबल गंजतात, झाडांना आणि भूजलाला क्षार बाधतो. पाण्यात मिसळलेले मीठ पुन्हा काढता येत नाही, ही चिंता तळ्यांच्या प्रदेशात विशेष आहे.

मला या वादात एकच विजयी पक्ष दिसत नाही. सतत कडाक्याची थंडी असेल तिथे दाबलेले हिम आणि खडी, पारा शून्याभोवती घुटमळतो तिथे ब्रश आणि मिठाचे पाणी, असे सध्याचे शहाणपण आहे. कॅलगरीसारख्या गावाचे काय करायचे, हे मात्र त्यात बसत नाही. तिथे ‘चिनूक’ वारा सुटला की काही तासांत पारा वीस-वीस अंशांनी चढतो आणि रात्री पुन्हा कोसळतो.

आधी कोणाची वाट

हिम पडल्यावर गाड्या एकाच वेळी सगळीकडे पोचू शकत नाहीत, क्रम लावावाच लागतो. जुनी रीत अशी की आधी हमरस्ते, मग गल्ल्या, शेवटी पदपथ आणि सायकलमार्ग. स्वीडनमधल्या कार्ल्सकोगा या लहान शहराने 2011 च्या सुमारास ही रीत तपासली. मोटारी जास्त करून पुरुष चालवतात. पायी, सायकलने किंवा बसने जाणाऱ्यांत बायका जास्त, आणि त्यांच्या फेऱ्या पाळणाघर, दुकान, काम अशा तुटक असतात. दहा सेंटीमीटर हिमातून मोटार निघते, बाबागाडी निघत नाही. या विचाराने क्रम उलटा केला गेला: आधी पाळणाघरांच्या वाटा, पदपथ आणि सायकलमार्ग. निसरड्यावर पडून जखमी होणाऱ्यांत पायी चालणारेच जास्त असतात. त्यामुळे दवाखान्याचा खर्च धरला तर हा क्रम महापालिकेलाही परवडतो, असा युक्तिवाद पुढे आला.

हाच क्रम स्वीकारलेल्या स्टॉकहोमवर नोव्हेंबर 2016 मध्ये त्या महिन्याच्या मानाने शतकात न पडलेले हिम एका दिवसात कोसळले. शहर ठप्प झाले आणि खापर या नव्या क्रमावर फुटले. टीकाकारांचे म्हणणे असे होते की हमरस्ते अडले की बसगाड्या आणि रुग्णवाहिकाही अडतात, आणि त्याचा फटका शेवटी सर्वांनाच बसतो. समर्थक म्हणाले की इतक्या हिमापुढे कोणताही क्रम टिकला नसता आणि पदपथांसाठी योग्य गाड्याच पुरेशा नव्हत्या. आठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी एका वादळावरून काय सिद्ध होते, यावर एकमत झालेले नाही. कोपनहेगनमध्ये प्रमुख सायकलमार्ग मोटाररस्त्यांच्या आधी साफ होतात, आणि तिथले बहुतांश सायकलस्वार हिवाळाभर सायकलीवरच असतात. पण तिथला जानेवारी शून्याच्या किंचित वर असतो, हेही विसरून चालणार नाही.

मोजक्यांसाठी एवढा खर्च?

शंका घेणाऱ्यांची बाजू अशी आहे. बहुतेक शहरांत हिवाळ्यात सायकलींची संख्या निम्म्याने किंवा त्याहून जास्त घटते. उरतात ते तरुण, धडधाकट, बहुतांशी पुरुष. त्यांच्यासाठी वेगळ्या गाड्या, वेगळे कर्मचारी आणि रात्रपाळी ठेवण्यापेक्षा तोच पैसा बस आणि मेट्रोला द्यावा, तिथे म्हाताऱ्यांनाही बसता येते. हा मुद्दा हवेतला नाही.

उत्तर देणारे स्वीडनमधल्या एका अभ्यासाकडे बोट दाखवतात. ॲना बर्गस्ट्रॉम, म्हणजे पुढे निस्का झालेल्या त्याच संशोधक, आणि रोल्फ मॅग्नुसन यांनी लुलेओ व लिंकोपिंग इथल्या कर्मचाऱ्यांची पाहणी 2003 मध्ये प्रसिद्ध केली. उन्हाळ्याच्या तुलनेत हिवाळ्यात सायकलच्या फेऱ्या 47 टक्क्यांनी घटल्या आणि मोटारीच्या 27 टक्क्यांनी वाढल्या. हिवाळी देखभाल सुधारली तर सायकलच्या फेऱ्या 18 टक्क्यांनी वाढू शकतील आणि मोटारीच्या 6 टक्क्यांनी घटतील, असा त्यांचा अंदाज होता. हा आकडा दोन्ही बाजू वापरतात. एक म्हणते, देखभालीने फरक पडतो. दुसरी म्हणते, पडतो, पण 47 पुढे 18 कितीसे? माझ्या मते दोन्ही वाचने प्रामाणिक आहेत. तो अंदाज लोकांच्या उत्तरांवर बेतलेला होता, प्रत्यक्ष मोजणीवर नाही, हेही त्यासोबत सांगायला हवे.

टोरंटोत हा वाद कायद्यापर्यंत गेला. ऑन्टारियो प्रांताने नोव्हेंबर 2024 मध्ये ब्लूर, यंग आणि युनिव्हर्सिटी या रस्त्यांवरचे सायकलमार्ग काढण्याची तरतूद केली. कारण कोंडीचे दिले गेले, पण हिवाळ्यात ओस पडणाऱ्या पट्टीचा मुद्दा चर्चेत सतत होता. जुलै 2025 मध्ये न्यायालयाने ही तरतूद घटनाबाह्य ठरवली. मार्ग काढल्याने जीव धोक्यात येतील, आणि कोंडी कमी होईल असा मात्र पुरावा नाही, असे कारण त्यामागे होते. प्रांताने या निकालाला आव्हान दिले.

जे सुटलेले नाही

पहिली अडचण मोजणीची. स्वीडनमध्ये जखमी होऊन रुग्णालयात आलेल्या सायकलस्वारांपैकी दहातले सात ते आठ जण कोणाशीही न धडकता, एकटेच पडलेले असतात. पोलिसांकडे अशा पडण्याची नोंद होत नाही, ती सापडते रुग्णालयात. जिथे या दोन नोंदी जोडलेल्या नाहीत, तिथे हिवाळी सायकल किती धोक्याची, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. भीती वाढवून सांगणे आणि धोका लपवणे, दोन्ही त्यामुळे सोपे होते.

दुसरा प्रश्न बदलत्या हवामानाचा, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. औलूची रीत अखंड थंडीवर उभी आहे. उत्तरेचे हिवाळे उबदार होत आहेत. पाऊस पडून रात्री गोठण्याचे दिवस वाढले की जपून राखलेला पोलान्ने काचेसारखा गुळगुळीत होतो. थंडी कमी झाली म्हणजे सायकलस्वाराचे सोपे झाले, असे नाही. पन्नास वर्षांचे कौशल्य कदाचित नव्याने शिकावे लागेल.

तिसरा प्रश्न बॅटरीचा, आणि त्याचा आपल्या माणसांशी थेट संबंध आहे. टोरंटोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात विजेच्या सायकलीवरून जेवणाचे डबे पोचवणाऱ्यांत भारतातून शिकायला गेलेली मुले मोठ्या संख्येने आहेत. हिवाळी सायकल ही त्यांची निवड नाही, रोजी आहे. डिसेंबर 2023 अखेर तिथल्या मेट्रोत एका विजेच्या सायकलला आग लागली. त्यानंतर शहराच्या परिवहन सेवेने 15 नोव्हेंबर ते 15 एप्रिल या काळात अशा सायकली बस-मेट्रोत आणण्यास बंदी घातली. ओल आणि रस्त्यावरचे मीठ बॅटरीला घातक ठरू शकते, हे कारण दिले गेले. सुरक्षेच्या बाजूने ते समजण्यासारखे आहे. पण शहराच्या कडेला स्वस्त खोली घेऊन राहणाऱ्या आणि मध्यवस्तीत काम करणाऱ्या मुलाने वादळाच्या रात्री परत कसे जायचे, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. हिवाळी सायकलस्वार म्हणजे हौशी तरुण, ही प्रतिमा अशा मुलांनी केव्हाच मोडली आहे. धोरणांच्या कागदांत ती अजून शिल्लक आहे.

तुमच्या घरातले, ओळखीतले कोणी यंदा अशा गावी जाणार असेल आणि सायकल चालवणार असेल, तर त्याला चार गोष्टी आवर्जून सांगा. दोन्ही टायर परवडत नसतील तर खिळ्यांचा टायर आधी पुढच्या चाकाला लाव. बॅटरी रात्री घरात आण, आणि ती गोठलेली असताना चार्जिंगला लावू नकोस, थोडी कोमट होऊ दे. पारा शून्याजवळ असलेल्या सकाळी सर्वांत सावध राहा. आणि पडलास, लागले, तर दवाखान्यात सायकलवरून पडलो असे स्पष्ट नोंदवून घे.